पहिली पंगत कुणाची?

हिंगोली जिल्ह्यातल्या गावात सप्ताह कसा बसतो, आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन कसं होतं आणि महाप्रसादाला चूलबंद आवतण कसं फिरतं, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. अलीकडे या जेवणाला गावमेळ्याचं रूप आलं आहे. पुण्याला, हैदराबादला गेलेले त्या दिवशी हमखास येतात, लेकी लेकरांसह येतात, त्यांना साडी-चोळी होते. काही गावांनी तर माहेरवाशिणींचा वेगळा मेळावाच सुरू केला आहे. मला खटकतं ते एवढंच, की गावात सर्वांत जास्त वर्षं काढलेल्या माणसाला या मेळ्यात कुणी पाटावर बसवत नाही. हे माणूस म्हणजे गावची सून.

अठरा-वीस वर्षांची असताना आलेली बाई सत्तरीत पोहोचते, तेव्हा तिची पन्नास वर्षं त्याच गल्लीत गेलेली असतात. तिच्या वयाचे निम्मे पुरुष मध्ये कधीतरी कामासाठी बाहेर राहून आलेले असतात, नणंदा तर कधीच गेलेल्या. तरी काल्याच्या दिवशी ती पोळपाट-लाटणं घेऊन सकाळीच मंडपामागे बसते. कढई आणि बुंदीचा झारा पुरुषांकडे, वाढायच्या बादल्या पोरांकडे, पुऱ्या लाटणं मात्र बायांकडे. पहिल्या पंगतीला महाराज, टाळकरी, देणगीदार आणि बाहेरगावचे. मग गडी माणसं. मग लेकी आणि पोरंसोरं. लाटणाऱ्या उठतात तेव्हा बुंदी सरलेली असते आणि वरणात दोनदा पाणी पडलेलं असतं. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, आणि तक्रार नाही म्हणून अन्याय नाही असं आपण धरून चालतो. सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह 1847 पासून चालतो. त्यात गावोगावच्या घरांतून भाकरी येतात. भाकरी मोजल्या जातात, त्या थापणारे हात कुणी मोजत नाही.

2020-21 च्या श्रमशक्ती पाहणीत देशातल्या स्थलांतरित स्त्रियांपैकी 86.8 टक्के स्त्रिया लग्नामुळे गाव सोडून आलेल्या आढळल्या. आपल्याही गावांतल्या बहुतेक प्रौढ बाया दुसऱ्या गावच्या, आणि गाव उभं आहे ते त्यांच्यावर. कायद्याला हे पटलं. ग्रामपंचायतीत 2011 पासून स्त्रियांना निम्म्या जागा मिळाल्या, आणि त्या जागांवर बहुतेक ठिकाणी सुनाच बसल्या. (कारभार नवरा पाहतो, हे वेगळं.) महाप्रसादाच्या मंडपाला मात्र अजून पटलेलं नाही. तसं गाव सोडून गेलेल्याचं कौतुक आपल्याकडे जुनंच आहे. नर्सी नामदेवाचं नाव ज्यांच्यामुळे झालं ते नामदेव पंढरपूरला राहिले, आणि त्यांच्या घरी राबली ती गंगाखेडची जनाबाई.

यावर दोन आक्षेप येतात. पंगतीत सगळे सारखे, वारकऱ्यांत लहान-थोर कसलं, हा पहिला. तसं असेल तर क्रम एकदा उलटा करून पाहायला हरकत नसावी. दुसरा आक्षेप वजनदार आहे: इथली सून तिच्या गावची लेक असतेच, तिथे तिला साडी-चोळी होते, मग हिशेब फिटला. तरुणपणी तो फिटतोही. पण आई-बाप जातात, पुढे भाऊही जातो, भाचसुनेला तिची ओळख नसते आणि माहेरचं आवतण बंद होतं. नेमक्या त्याच वयात ती सासरच्या गावची सर्वांत जुनी रहिवासी झालेली असते. तिकडची लेक संपली, इकडची पाहुणी कधी झालीच नाही. जावयाला निदान अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण मिळतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिली पंगत साठीपुढच्या सुनांची असावी आणि वाढायला बाहेरगावाहून आलेले लेक-जावई असावेत. पुऱ्या आचाऱ्याकडून करून घ्याव्यात. ज्या गावात फ्लेक्सला पैसे निघतात, तिथे त्यालाही निघतील. लेकींचा मान कमी करा असं मी म्हणत नाही. वर्षातून एक दिवस कुणी हाताला धरून पाटावर बसवावं, एवढं तरी सुनांनाही असू द्या. मात्र आचारी लावा म्हणताना माझाच पाय अडखळतो. पुऱ्या लाटायला बसलेल्या त्या चाळीस-पन्नास बाया एरवी वर्षभर कुठे एकत्र बसतात? मंडपामागे जेवढं हसणं आणि जेवढ्या उखाळ्यापाखाळ्या चालतात, तेवढं पुढच्या पंगतीत कधी चालत नाही. आचारी आला की पंगतीतली जागा मिळेल आणि ही बैठक मोडेल. मग आचारी लावायचा की नाही, हे मंडपातल्या कमिटीने ठरवू नये. मंडपामागे जाऊन विचारावं, आणि तेही कणीक मळून व्हायच्या आत.