नाताळ उतरल्यावर

आमच्या वस्तीवरचा नाताळ एक जानेवारीला उतरतो. एकतीस तारखेच्या रात्रीची उपासना होते, ना. वा. टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर होतात, नव्या सालाचे 'जय ख्रिस्त' घालून होतात. मग पोरं कामट्यांची चांदणी काढून माळ्यावर टाकतात आणि दुसऱ्या दिवसापासून ज्याचा त्याचा कांदा, ज्याचा त्याचा ऊस. पाळकसाहेबांनी आठ दिवस सांगितलेली देवाची प्रीतीपण चांदणीबरोबर माळ्यावर जाते, असं मी गमतीनं म्हणतो. मंडळीतल्या काहींना ते आवडत नाही.

मला ती प्रीती दिसली १९७३ च्या फेब्रुवारीत, आमच्या विहिरीच्या काठावर.

आम्ही नेवासे तालुक्यातले. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं. आमच्या घरात ख्रिस्त आला तो पुष्कळ पुढं, पणजोबांच्या वेळेस. त्याआधी आम्ही गावाचे महार. बाप्तिस्मा झाला म्हणून काही गावाच्या आडावर पोहरा टाकू दिला नाही कुणी. आजी लग्न होऊन आली तेव्हाही लांब घागर ठेवून उभं राहायचं, कुणा बाईला दया आली तर ती वरून ओतणार. नाही आली तर ओढ्यात झिरा उकरायचा. शेवटी आजोबांनी आणि वस्तीतल्या पाच-सहा बाप्यांनी मजुरीवरून आल्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात विहीर खणली. सुरुंगाला पैसे कुठले? पहारीनं मुरूम फोडला. दोन उन्हाळे गेले त्यात.

बहात्तरला पाऊस गेला. मी तेव्हा बारा वर्षांचा. वडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते, आम्ही पोरं सुकडीच्या आशेनं त्यांच्यामागं. त्या नाताळाला करंजी नव्हती. रेशनच्या लाल मिलोची भाकरी आणि गुळाचा खडा. तरी उपासना झाली, आणि योहानाच्या तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन मी उभा राहून घडाघडा म्हणून दाखवलं. आजीनं सगळ्यांदेखत कौतुक केलं.

फेब्रुवारीत गावचा आड कोरडा पडला. आमच्या विहिरीत रात्रभरात कसंबसं दोन हात पाणी साचायचं. एका सकाळी गावातल्या आठ-दहा बाया घागरी घेऊन वस्तीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. लांबच. एक शब्द बोलल्या नाहीत.

वस्तीवर गलका झाला. माझा चुलता म्हणाला, "आपल्या बायांच्या सावलीचा इटाळ व्हत व्हता ना? आता कसा चालतो?" त्याचं म्हणणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. ज्यानं आपल्या आईला रिकामी घागर घेऊन परतताना पाहिलंय, त्यानं दुसरं काय म्हणावं?

आजीनं मला पुढं ओढलं. "त्या दिशी काय म्हनला रं तू? देवानं जगावर माया केली म्हनला का वस्तीवर?"

"जगावर."

"मंग?"

चुलता गप झाला. पण आजी तेवढ्यावर थांबली नाही. बायांकडं तोंड करून म्हणाली, "पानी हाये. पर वरून कुनी कुनाला ओतायचं न्हाई. पोहरा हाच, दोर हाच. ज्येनं त्येनं शेंदायचं."

दोघी-तिघी माघारी गेल्या. बाकीच्या पुढं झाल्या आणि आमच्या पोहऱ्यानं शेंदू लागल्या. गेलेल्याही तिसऱ्या दिवशी आल्या. घराला दोन घागरी असा हिशेब. आजी खडे मांडून काठावर बसायची. तिनं आमच्या घरालाही तिसरी घागर दिली नाही. शेळीला पाजायला पाणी उरेना म्हणून आईनं शेळी विकली. मी आठ दिवस आजीशी बोललो नव्हतो.

यानं गाव सुधारलं असं लिहिलं तर गोष्ट गोड होईल, पण तसं झालं नाही. त्र्याहत्तरला पाऊस पडला, आड भरला, बाया आडावर गेल्या. आमच्या बायांना तिथं शेंदायला मिळायला आणखी काही वर्षं लागली. एक म्हातारी मात्र मरेपर्यंत संक्रांतीला तिळगूळ घेऊन वस्तीवर येत राहिली आणि आजीच्या शेजारी ओट्यावर बसून चहा प्यायची. चुलत्यानं तिला कधी 'या' म्हटलं नाही.

विहीर अजून आहे. आता तिच्यावर मोटर आहे. यंदा जानेवारीत खालच्या शेतकऱ्याचं बोअर आटलं, कांदा ऐन पोसायला आलेला. त्याच्या घरचे त्या वेळी माघारी गेलेल्यांतले, हे त्याला ठाऊक नसावं. मीही बोललो नाही. पाइप जोडून घे म्हणालो. आमचा मुलगा हसत म्हणाला, "अण्णा, नाताळ झाला की आता."

आमचा गहू चार दिवस मागं राहिला, त्याचा कांदा वाचला. वीज रात्री बाराला येते, मोटर चालू करायला मीच जात होतो. पोराला पहाटे ऊस भरायला जायचं असायचं. त्या गारठ्यात गुडघे फार दुखले, एवढं खरं.