टाच आणि चवडा

पन्नाशी उलटल्यावर माणसाने कोणती विद्या आरंभावी, याविषयी शास्त्रकारांनी काही सांगून ठेविले असल्यास ते आमच्या वाचनात नाही. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून धरावा आणि त्याच पायाच्या टाचेने अ‍ॅक्सिलरेटर डिवचावा, ही विद्या तर त्यांनी खचितच सांगितली नसेल. ती शिकण्याचे वेड आम्हांस गेल्या पावसाळ्यात लागले. कारण अगदी घरगुती होते. मातोश्रींचे वय ८४, मणका दुखरा. घाट उतरताना आम्ही गिअर खाली आणला की गाडी आचका देई, आणि मागच्या आसनावरून "अरे, हळू" असा क्षीण स्वर येई. वस्तुतः आम्ही हळूच जात असू. धक्का वेगाचा नव्हता, गिअरचा होता.

तो का बसतो हे आम्हांस ठाऊक होते, कारण पदार्थविज्ञान शिकविण्यात आमचा जन्म गेला आहे. चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असेल आणि तिसऱ्याचे प्रमाण १.४ पट असेल, तर त्याच वेगास तिसऱ्यात २८०० फेरे हवेत. क्लच सोडताच हे ८०० फेरे इंजिन चाकांपासून हिसकून घेते, तोच आचका. शर्यतीत जोराचा ब्रेक लागला की भार पुढे जाऊन मागची चाके हलकी होतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तेव्हा हा हिसका बसला तर ती घसरतात. म्हणून शर्यतवीर ब्रेक न सोडता, क्लच दाबलेला असतानाच, टाचेने फेरे वाढवून घेतो. ब्राझीलचा आयर्टन सेन्ना जपानातील सुझुकाच्या धावमार्गावर रोजच्या वापरातले बूट घालून हे करीत असल्याचे चित्रण प्रसिद्ध आहे. १९८९ साली फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीत सुकाणूमागील पट्ट्यांनी गिअर बदलण्याची सोय आणली, आणि पुढे त्या शर्यतींतून ही पदकला हळूहळू नाहीशी झाली. हाताने गिअर बदलावयाच्या गाडीत मात्र तिचे प्रयोजन अद्याप आहे.

आम्हांस गुरू लाभला तो आमचाच जुना विद्यार्थी. आता तो रॅलीत गाड्या चालवितो. महाविद्यालयात असता आमच्या विषयात दोनदा अनुत्तीर्ण झाला होता. "सर, समजतं, पण सोडवता येत नाही," असे तो म्हणे. "ज्याला येत नाही त्याला समजलेलेच नसते," हे आमचे ठरलेले उत्तर असे, आणि वर्ग हसे.

रविवारी पहाटे एका मोकळ्या मैदानावर आमचे पाठ सुरू झाले. प्रथम इंजिन बंद ठेवून नुसते पाय हलविणे. टाच हे नाव फसवेच निघाले. साध्या गाडीत ब्रेकचे पेडल अ‍ॅक्सिलरेटरहून उंच असते; टाच तेथवर पोहोचत नाही, पावलाची बाहेरची कड कलती करावी लागते. पाऊल कलले की ब्रेकवरचा दाब ढळे, आणि गाडी नंदीबैलासारखी मान डोलावी. तिसऱ्या रविवारी आमच्या तोंडून निघून गेले, "अरे, समजतं सगळं, पण येत नाही!"

तो हसला नाही. आमचे उत्तर त्याला तोंडपाठ असणार, पण तो एवढेच म्हणाला, "येईल, सर. चवडा ढळू देऊ नका. पुन्हा करा."

"किती वेळा?"

"मी मोजलं नव्हतं."

दिवाळीत मातोश्रींसह ताम्हिणी घाटाने कोकणात उतरलो. वळणावळणावर गिअर खाली आला, मागून स्वर आला नाही. आरशात पाहतो तो त्या झोपी गेलेल्या. चार महिन्यांच्या खटाटोपाचे फळ हे, की काही घडले नाही आणि कोणास कळलेही नाही.

ते जुने वाक्य आम्ही त्यानंतर वर्गात उच्चारलेले नाही. गेल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी उदाहरणापाशी अडली आणि भीत भीत तेच म्हणाली. आम्ही खडू तिच्या हाती दिला, "पुन्हा करा" म्हटले, आणि बाकावर जाऊन बसलो. तास संपला तरी उदाहरण सुटले नव्हते. दुसऱ्या दिवशी सुटले.