पडवी ते मागील दार

लोट्याच्या माळावर मोबाइलच्या रेंजला तोटा नाही. हायवे आहे, एमआयडीसी आहे, टॉवर आहेत. पण माळ सोडून आमच्या वाडीकडे उतरायला लागलं की पहिल्याच वळणावर एकेक दांडी गळायला लागते. घरी पोचेपर्यंत फोन उरतो तो घड्याळापुरता. साऱ्या घरात रेंज येते ती पडवीच्या एका खिडकीत, दुसऱ्या नि तिसऱ्या गजाच्या मधे. फोन तिथंच सुतळीनं बांधलेला असतो, दावणीला गाय बांधावी तसा.

आणि आई असते स्वयंपाकघरात. धाकटा भाऊ दुबईला. त्याची जेवणाची सुट्टी तिकडच्या दीडला, म्हणजे आपले तीन. नेमका तेव्हाच माळावर भोंगा होतो, माझी पहिली पाळी सुटते आणि भोंगा ऐकून आई माझ्यासाठी तवा चढवते. तव्यावर बांगडा, खिडकीत फोन. त्या धावपळीत बरेच बांगडे करपले. शेवटी मी चिपळूणच्या बाजारातून तिला नेकबँड आणून दिला. वाडीत सगळे त्याला ‘ब्लूटूथ’च म्हणतात. आई म्हणते, ‘गळ्यातलं’.

गळ्यातलं चालू केलं की आतून एक बाई इंग्रजीत ‘कनेक्टेड’ म्हणते. “आली मडम,” असं म्हणून आई पदर खोचते आणि हवेशी बोलू लागते. पहिल्या दिवशी शेजारच्या काकू दारातूनच परत फिरल्या. त्यांना वाटलं, हिच्या अंगात आलं.

ब्लूटूथ म्हणजे निळा दात. दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड राजाचं हे टोपणनाव. त्यानं विखुरलेली माणसं एका राज्यात आणली, म्हणून निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं जोडू पाहणाऱ्या या तंत्राला १९९७ मध्ये जिम कार्डाक या इंजिनिअरनं ते नाव सुचवलं. सुचवलं तात्पुरतं, राहिलं कायमचं. १९९८ मध्ये कंपन्यांनी त्यासाठी संघ केला. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली. माणसं जोडायची दोन साधनं, एकाच सालची.

या लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात. तिथं वायफायचीही गर्दी. म्हणून आवाज एका वाटेनं जातच नाही. ७९ वाटा असतात आणि सेकंदाला १६०० वेळा तो वाट बदलतो. पावसाळ्यात वहाळ ओलांडताना आपण या दगडावरून त्या दगडावर पाय टाकतो, तसं. एखादा दगड निसरडा निघाला तर पुढचा आहेच. पण जांभ्याची जाड भिंत आली की पाय घसरतो, आणि पाणी तर या लहरी पिऊनच टाकतं. माणसाचं अंगही बरंचसं पाणीच. म्हणून मी माजघराच्या दारात उभा राहिलो की आई ओरडते, “हो बाजूला, तुझ्यामुळं तुटतंय!”

पल्ला साधारण दहा मीटर. पडवी, माजघर, स्वयंपाकघर. मागील दारी पाऊल टाकलं की मडम रुसते. शेजारच्या परशुरामानं बाण सोडून समुद्र हटवला आणि बाण पडला तिथवर कोकण झालं, असं सांगतात. आईचं राज्य मागील दाराच्या उंबऱ्याशी संपतं.

माझं मात्र उलटं. कारखान्याच्या गेटवर काडेपेटीबरोबर मोबाइल आणि कानातलंही जमा करायचं. सॉल्व्हंटची वाफ असते तिथं बॅटरीची ठिणगीसुद्धा परवडत नाही. आणि कान मोकळे हवेत: पंपाचा बदललेला सूर, कुणी मारलेली हाक, अवेळी झालेला भोंगा. आठ तास मी ऐकण्याचाच पगार घेतो म्हणा ना.

गेल्या गणपतीत भावानं आईला भारीतलं हेडसेट आणलं. त्याचा माइक भोवतीचा गोंगाट वेचून बाजूला काढतो आणि फक्त बोलणाऱ्याचा आवाज पुढं धाडतो. सुट्टी संपवून तो परत गेला, आणि तीनला फोन आला.

“आई, कुठं आहेस?”

“घरात. कुठं असणार?”

“मग एवढं गप्प का? भोंगा झाला नाही आज?”

“झाला की आत्ताच.”

“आणि तव्यावर काय आहे?”

“बांगडा.”

तो जरा थांबला. पूर्वी हे त्याला विचारावं लागत नसे. चर्र झालं की तिकडून तोच म्हणायचा, बांगडा ना? मिरगाचा पहिला पाऊस कौलांवर वाजलेला त्यानं तिथूनच ओळखला होता. भोंगा झाला की म्हणायचा, दादा निघाला, तवा चढव. त्या यंत्रानं इमानेइतबारे गाळला तो हा सगळा कचरा.

“आई,” तो म्हणाला, “ते जुनंच घाल.”

भारीतलं आता कपाटात, लग्नातल्या शालूशेजारी आहे. जुन्या गळ्यातल्याची एक बाजू बंद पडली, म्हणून मी दुरुस्तीला न्यायला निघालो, तर आईनं ते हातातून काढून घेतलं. म्हणाली, “राहू दे. एक कान त्याला पुरतो. दुसऱ्यानं भोंगा ऐकायचा असतो.”