बोलकी चूक

एक्सेलच्या शीटमध्ये आकड्यांच्या नीटस रांगेत मध्येच ‘#एन/ए’ किंवा ‘#रेफ!’ उमटलं की कपाळावर आठी पडते. काम बिघडलं, असं वाटतं. खरं तर शीट तेव्हा सर्वांत प्रामाणिक असते. जे उत्तर तिच्याजवळ नाही ते ठोकून द्यायला ती नकार देते आणि नकाराचं कारणही सांगते. भाजक शून्य किंवा रिकामा असेल तर ‘#डिव्ह/०!’, ज्या सेलच्या आधारावर फॉर्म्युला उभा होता तोच डिलीट झाला तर ‘#रेफ!’, फंक्शनचं स्पेलिंग चुकलं तर ‘#नेम?’, संख्येत अक्षरं मिळवायला सांगितलं तर ‘#व्हॅल्यू!’. यादीत नाव शोधणाऱ्या व्हीलुकअप फंक्शनला ते सापडलं नाही की ‘#एन/ए’ येतं. पुष्कळदा नाव यादीत असतंच, पण त्याच्या शेवटी एक स्पेस चिकटलेली असते. डोळ्यांना जे एकच वाटतं, ते फॉर्म्युल्याच्या लेखी दोन वेगळी नावं असतात. असा एक कोड त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक सेलमध्ये, थेट शेवटच्या बेरजेपर्यंत झिरपतो. अनेकांना याचाच राग येतो. मला मात्र हा त्याचा मोठा गुण वाटतो, कारण पाया कच्चा असताना बेरीज पक्की दिसू नये.

भीती बाळगायची ती मुक्या चुकीची. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली एका निबंधात मांडलं की देशाचं कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की विकास मंदावतो. सरकारी खर्चाच्या कपातीचे समर्थक या निबंधाचा हवाला देत राहिले. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ शीट उघडून पाहिली. सरासरीच्या फॉर्म्युल्याची रेंज ४९व्या ओळीपर्यंत जायला हवी होती, ती ४४व्या ओळीवरच थांबली होती. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळले होते. निबंधावरचे आक्षेप एवढ्यापुरते नव्हते. सरासरी काढण्याच्या पद्धतीवरचा आक्षेप याहून वजनदार होता. पण ही चूक तीन वर्षं दडून राहिली, कारण फॉर्म्युला व्याकरणाने शुद्ध होता. सेलमध्ये कोड नव्हता, नीटनेटका आकडा होता.

यावर कोणी म्हणेल, साहेबांपुढे असे कोड भरलेला रिपोर्ट ठेवायचा कसा? एका नोंदीपायी महिन्याची बेरीज अडवून धरायची का? अडचण खरी आहे, आणि तिच्यासाठीच एक्सेल २००७मध्ये, चुकीच्या जागी आपण सांगितलेलं उत्तर दाखवणारं ‘इफएरर’ हे फंक्शन आलं. पण त्याला कारणाशी देणंघेणं नसतं. न सापडलेलं नाव, चुकलेलं स्पेलिंग, डिलीट झालेला सेल, सगळ्यांवर ते तेच एक उत्तर ठेवतं, बहुधा शून्य. मग ते शून्य सरासरीत शिरतं आणि ‘माहीत नाही’चा अर्थ ‘काहीच नाही’ असा होऊन बसतो. त्यापेक्षा ‘इफएनए’ बरं. ते फक्त ‘#एन/ए’ झाकतं, बाकीच्या चुका बोलत राहतात. भाजक शून्य आहे का, हे भागाकाराआधी ‘इफ’ने तपासता येतं. चुकीचे सेल जाणूनबुजून वगळून बेरीज हवी असेल तर ‘अ‍ॅग्रिगेट’ आहे.

म्हणून कोड दिसला की लगेच पुसू नका. त्या सेलवर क्लिक करा, फॉर्म्युला वाचा, तो कुठून कुठे जातो ते पाहा. कारण कळल्यावर झाकलं तर ती नीटनेटकी मांडणी ठरते. कारण न शोधता झाकलं तर ती वाचणाऱ्याची फसवणूक ठरते.