फरशीपासून मातीपर्यंत

कुत्र्याला घरात शी-शू न करण्याची आणि त्यासाठी ठरावीक जागी जाण्याची सवय लावण्याचा विचार बहुधा पिल्लांच्या संदर्भातच होतो. निवारागृहातून प्रौढ कुत्रे घरी आणताना त्याला कसलेच वळण नाही असे सरसकट धरून चालले जाते, आणि पुढच्या पुष्कळ अडचणी या समजुतीतूनच उद्भवतात. पिल्लू वयाच्या पहिल्या काही आठवड्यांत ज्या पृष्ठभागावर मलमूत्र विसर्जन करते, त्याचा पायांना होणारा स्पर्श आणि त्याचा वास त्याच्या ध्यानात पक्का बसतो, आणि मोठेपणीही ते तशीच जागा शोधते. या ओढीला पृष्ठभाग-पसंती म्हणता येईल. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या प्रौढ कुत्र्यातही अशी पसंती नव्याने तयार होते, त्यामुळे त्याला घरात वळण लावणे म्हणजे जुनी, पक्की सवय एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणे होय.

प्रस्तुत लेखिकेच्या पुण्यातील घरी आलेली तीनेक वर्षांची गावठी कुत्री, चिंगी, हिच्या बाबतीत ही गोष्ट स्पष्ट दिसून आली. नसबंदी झाल्याची खूण म्हणून तिच्या कानाचे टोक कापलेले होते, आणि एका अपघातानंतरचा बराच काळ तिने ज्या निवारागृहात काढला, तेथील खोल्यांना खडबडीत शहाबादी फरशी असून ती रोज सकाळी पाण्याच्या पाइपने धुतली जाई. सोसायटीच्या आवारातील मातीच्या पट्ट्यावर नेले असता ती शेपूट पोटाशी घेऊन, पंजे आखडून उभी राही, आणि वर येताच थेट बाल्कनी गाठून तेथे बसे. घरातील गुळगुळीत टाइल्स, सतरंजी, गादी यांना तिने कधीच ओले केले नाही. बाल्कनी आणि मोरी या शहाबादी फरशीच्या दोनच जागा तिने निवडल्या, आणि ही निवड पाहिल्यावर तिला घाणेरडी म्हणणे किती अन्यायाचे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून बाल्कनी व मोरीची दारे बंद ठेवण्यात आली, शहाबादीचा एक तुकडा मातीच्या पट्ट्यावर टाकण्यात आला, आणि तिची शू टिपलेला वर्तमानपत्राचा कागद त्यावर ठेवण्यात आला, जेणेकरून ओळखीचा स्पर्श व वास दोन्ही तिला खालीच मिळावेत. झोपेतून उठल्यावर, खाणे झाल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी तिला न चुकता खाली नेले जाई. पोटात अन्न पडताच मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, ही शरीरातील प्रतिक्षिप्त क्रिया येथे उपयोगी पडते. ज्या कृतीचे फळ चांगले मिळते ती पुन्हा केली जाते, या तत्त्वाला मानसशास्त्रात साधक अभिसंधान म्हणतात. मात्र कृती आणि बक्षीस यांच्यात क्षणांचेच अंतर असावे लागते, म्हणून उकडलेल्या चिकनचा तुकडा घरी परतल्यावर न देता मातीवर, तिने शू संपवताक्षणीच देण्यात येई. त्यानंतर लगेच वर न आणता तिला थोडे हिंडू दिले जाई, कारण शू झाली की फिरणे संपते असे कुत्र्याच्या लक्षात आले, तर ते शू रोखून धरू लागते.

सफाईचा मुद्दा वरवर किरकोळ दिसतो, पण तसा नाही. फिनेलने पुसलेली फरशी माणसाच्या नाकाला स्वच्छ वाटते, तरी लघवीतील वासाचे घटक पाण्याने नीट निघत नाहीत आणि कुत्र्याला जागेची ओळख पटतच राहते. हे घटक विघटित करणारी, विकरयुक्त म्हणजे एन्झाइम असलेली द्रावणे त्यासाठी वापरावी लागतात.

झालेल्या घाणीत नाक घासणे, वर्तमानपत्राची सुरळी उगारणे हे आपल्याकडे अजूनही सर्रास सांगितले जाणारे उपाय निव्वळ क्रूर आहेत, आणि निरुपयोगीही, कारण त्यातून कुत्रे फक्त माणसासमोर शू न करायला शिकते व पलंगामागे जाते. केर काढण्यासाठी नुसता झाडू उचलला तरी चिंगी जमिनीला टेकून कान पाडी आणि तिच्याखाली थोडे ओले होई. ही भीतीपोटी होणारी शरणागतीची शू असून तिच्यावर रागावल्यास ती वाढते. यावर झाडू रोज तिच्यासमोर आडवा ठेवून त्याच्याभोवती खाऊ टाकण्याचा उपाय लागू पडला.

सवय मातीवर स्थिरावल्यावर शहाबादीचा तुकडा काढून घेण्यात आला. पावसाळ्यात चिखल टाळून ती पार्किंगच्या कोरड्या कोब्याकडे ओढ घेऊ लागली, तेव्हा छत्रीखाली उभे राहून काही दिवस पुन्हा चिकनचा आधार घ्यावा लागला. पुढे गाढ झोपेत तिचे अंथरूण ओले होऊ लागले, त्याचा मात्र सवयीशी संबंध नव्हता. नसबंदीनंतर संप्रेरकांच्या अभावी काही माद्यांच्या मूत्रमार्गाचे स्नायू सैल पडतात, आणि हा त्रास पशुवैद्यांनी दिलेल्या औषधाने आटोक्यात आला.