अस्तराची माया

शिवणकामात ‘माया’ या शब्दाला अगदी रोकडा अर्थ आहे. टिपेच्या पलीकडे जे कापड मुद्दाम राखून ठेवावयाचे, ती माया. सदऱ्याला ती अर्धा इंच पुरते आणि वाढत्या मुलाच्या कपड्याला दोन इंचही ठेवतात. अमेरिकेत मात्र गोधडी शिवण्याची एक पद्धत अशी आहे की तिच्या अस्तराला चारही बाजूंनी चार-चार इंचांची माया लागते, आणि एवढी माया राखूनही अस्तर काटकोनात नसेल, तर त्या मायेचा काही उपयोग होत नाही.

या पद्धतीला ‘लाँगआर्म’ म्हणतात. घरच्या शिलाई मशीनपुढे कापड सरकवावे लागते. येथे कापड चौकटीवर ताणलेले असते आणि लांब हाताचे मशीनच रुळांवरून मागेपुढे, डावी-उजवीकडे फिरते. अस्तराचा एक काठ एका रुळाच्या पट्ट्याला व समोरचा काठ दुसऱ्या रुळाच्या पट्ट्याला जोडतात. त्यावर कापसाचा थर आणि त्यावर तुकड्यांचा जोडलेला वरचा पदर. एक पट्टा शिवून झाला की रूळ फिरवून पुढचा भाग समोर आणावयाचा. डाव्या-उजव्या बाजूंना चिमटे लावून अस्तर ताणून धरतात. मायेचे बरेचसे कापड त्या चिमट्यांसाठी आणि मशीनच्या डोक्याला फिरावयास जागा मिळावी म्हणून खर्ची पडते. ज्यांच्याकडे असे मशीन नाही, त्या बायका वरचा पदर स्वतः जोडतात आणि पुढचे काम मशीनवालीकडे सोपवितात. तो तेथे एक रीतसर व्यवसायच आहे, आणि त्याची मजुरी बहुधा चौरस इंचावर ठरते.

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी जैन गृहिणीने गेल्या हिवाळ्यात असा एक पदर जोडून पुरा केला. माहेर इचलकरंजीचे; वडिलांचे शर्टिंगच्या कापडाचे दुकान चाळीस वर्षे चालले आणि मग बंद झाले. दुकान रिकामे करताना माळ्यावरून नमुन्यांच्या पुस्तिका निघाल्या. कापडाचे दातेरी काठांचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटविलेले, खाली क्रमांक आणि पन्हा लिहिलेला. भावाने त्या रद्दीत काढल्या होत्या. त्याचेही चुकले असे म्हणवत नाही. रिकाम्या दुकानाचे भाडे चालूच असते. तिने मात्र त्या सामानात घालून नेल्या. पॉपलिन, केंब्रिक, बारीक रेघा, चौकडे. प्रत्येक तुकडा साडेतीन इंचांचा कापून, शिवल्यावर तीन इंचांचा, असे ७२० चौकोन जोडले, तेव्हा ७२ इंच रुंद व ९० इंच लांब असा पदर तयार झाला. यांपैकी बहुतेक कापडे आज कोणत्याही मागावर विणली जात नाहीत. मशीनने एकदा टाके घातले आणि पाठीमागे चुणी शिवली गेली, तर ते टाके उसवताना जुन्या पॉपलिनला भोके राहतात. म्हणून अस्तराचा प्रश्न तिला साधा वाटला नाही.

हिशेब असा होता. ७२ बाय ९० च्या पदराला ८० बाय ९८ चे अस्तर तरी हवे. बाजारात १०८ इंच पन्ह्याचे खास अस्तराचे कापड मिळते. त्याला जोड लागत नाही. परंतु तिला हवा होता साधा, फिक्या राखी रंगाचा सुती कपडा, आणि तो ४४ इंच पन्ह्यातच होता. दोन्हीकडची किनार काढली की ४२ उरतात. दोन पन्हे जोडावयाचे, जोडाला अर्धा-अर्धा इंच द्यावयाचा, म्हणजे ८३ इंच रुंदी होते. लांबी ९८ च्या दुप्पट म्हणजे १९६ इंच, साडेपाच वारांत बसते. तिने पावणेसहा वार घेतले. जास्तीचा तो पाव वार पाहून दुकानातील मुलीला नवल वाटले असावे. कापडवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तो कमीच वाटला असता.

चादर वापरून का चालत नाही, असे कोणी विचारील. चालते, पण दाट विणीच्या चादरीत सुई अडखळते, टाके सुटतात. अस्तराची वीण पदराच्या विणीसारखी असावी, एवढे बंधन पाळलेले बरे.

घरी आल्यावर तिने कापड सांधून इस्त्री करावयाच्या आधी अण्णांना व्हिडिओवर दाखविले. अण्णांची दृष्टी आता अधू झाली आहे. त्यांनी रंग विचारला नाही.

“पन्हा किती?”

“चव्वेचाळीस, अण्णा.”

“फाडून दिलाय की कापून?”

“कापून. इकडे फाडत नाहीत.”

“मग धागा बघ. दुकानदाराची कात्री घडीप्रमाणे चालते. धाग्याशी तिचा काय संबंध?”

हा प्रश्न कापडाच्या व्यवहारातील जुना आहे. गिरणीत कापड दुहेरी घडी करून पुठ्ठ्यावर गुंडाळतात. गुंडाळताना एक पदर किंचित पुढे सरकला तर ताक्यावर घडी सरळ दिसते, पण आडवे धागे तिरपे झालेले असतात. दुकानात कापड तसेच दुहेरी ठेवून टेबलावरील खाचेतून कापतात. काप घडीला काटकोनात पडतो, धाग्याला पडेलच असे नाही. इकडच्या जुन्या कापडवाल्यांची रीत निराळी होती. किनारीला कात्रीचा छेद द्यावयाचा आणि दोन हातांनी कापड फाडावयाचे. फाटताना कापड एकाच आडव्या धाग्याने जाते, त्यात गिऱ्हाईक किंवा दुकानदार कोणालाच ढवळाढवळ करता येत नाही. साध्या विणीच्या सुती कापडापुरते हे खरे आहे. साटीन किंवा ट्विल असे फाडू नये.

तिने छेद देऊन फाडले. एका किनारीशी फाट कापाला लागून निघाली आणि दुसऱ्या किनारीशी पोहोचेपर्यंत तीन इंच आत गेली. चव्वेचाळीस इंचांत तीन इंचांचा तिरपेपणा! दुसऱ्या टोकालाही तेवढेच गेले. २०७ इंचांचे २०१ राहिले, दोन भाग केल्यावर शंभर-शंभर इंच मिळाले आणि वर एक इंच उरला. तो पाव वार तेथे कामी आला.

मशीनवाली बाई ही निवृत्त शिक्षिका, आपल्या कामात अत्यंत काटेकोर. तिला फाडण्याची ही कल्पना मुळीच रुचली नाही. फाटलेल्या काठाचे धागे ओढले जातात, अर्धा-पाव इंचापर्यंत तो काठ लाटांसारखा होतो, आणि तसा काठ रुळाच्या पट्ट्यावर सपाट बसत नाही, हे तिचे म्हणणे अनुभवाचे होते. तिची शिफारस होती की कापड दुमडून किनारीला किनार लावावी, हातात लोंबते धरावे, आणि खालच्या घडीवरची लहर नाहीशी होईपर्यंत एक किनार दुसरीवरून हळूहळू सरकवावी; मग पट्टीने काटकोन धरून कापावे. दोघींचेही चुकत नव्हते. शेवटी फाटेने धागा सापडवून घेतला, तिरपेपणा ओढून काढावयाचा आणि इस्त्री करून त्या धाग्याच्या आधाराने ओढलेला काठ छाटावयाचा, असे ठरले.

मग जोड. किनार आधी काढावी लागते, कारण ती कापडापेक्षा घट्ट विणलेली असते. शिवणीत राहिली तर धुतल्यावर तेवढीच आकसते आणि मध्यावर चुण्या येतात. माया दोन्हीकडे उघडून इस्त्री केली, म्हणजे जोडाची जाडी वाटली गेली. इस्त्री येथे दाबावयाची असते. उरेब दिशेने ढकलली तर सरळ केलेले कापड इस्त्रीच पुन्हा वाकडे करते. आणखी एक गोष्ट अशी की जोड रुळांना समांतर यावा. तो रुळांना आडवा आला तर रूळ गुंडाळताना शिवणीवर शिवण चढते, त्या जागी उंचवटा होतो आणि बाजूचे कापड सैल पडते. म्हणून पदर आडवा लावावयाचे ठरले. त्याची ९० इंचांची बाजू रुळाच्या लांबीने, अस्तराची १०० इंचांची बाजूही तशीच.

दिवाणखान्यातील सामान भिंतीला लावून अस्तर जमिनीवर पसरले. चारही बाजू मोजल्या. समोरासमोरच्या बाजू बरोबर भरल्या. येथे पुष्कळ जणी थांबतात. पण कलत्या चौकोनाच्याही समोरासमोरच्या बाजू सारख्याच असतात, त्याचे कर्ण मात्र सारखे नसतात. ८३ आणि १०० च्या काटकोनी चौकोनाचा कर्ण १३० इंचांना केसभर कमी भरावा. तिचा एक कर्ण १३१ भरला, दुसरा १२९. धागा फाटेने सापडला होता, पण गुंडाळीतला तिरपेपणा कापडाच्या अंगात अजून होता. तेव्हा तिने पतीला हाक मारली. आखूड कर्णाची दोन टोके दोघांनी धरली आणि वाफेच्या इस्त्रीने किंचित दमट केलेले कापड हळूहळू ओढले. धुतलेली नऊवारी दोघींनी दोन टोकांना धरून झटकण्याची रीत ज्यांनी घरी पाहिली आहे, त्यांना ही हालचाल नवी नाही. तीनदा ओढून, पसरून, मोजून दोन्ही कर्ण १३० वर आले. मग छाटलेले काठ सुमारे पाव इंचाने कमी झाले, त्याची चिंता नव्हती.

हा सारा खटाटोप न करता अस्तर दिले असते तर रुळावर एक बाजू दोन इंचांनी लांब राहिली असती. पहिल्या पट्ट्यात ते कळत नाही. रूळ फिरत जातो तशी सैल बाजूची झोळ पुढे पुढे सरकते आणि शेवटी मशीन तिच्यावरून जाते. शिवणारी वरून पाहत असते. चुणी खाली शिवली जाते. हात खाली घालून चाचपल्यावाचून पत्ता लागत नाही. आपल्याकडच्या गोधडीला ही अडचण नसते. अस्तर जुन्या लुगड्याचे, चार धुण्यांनी आधीच आटलेले; बाई जमिनीवर बसून धावदोरा घालते आणि मागची झोळ तळहाताने पुढे सारत जाते. कापडाचा वाकडेपणा हाताला कळतो आणि हातच तो जिरवतो. रुळाला तशी समज नसते.

अमेरिकेतील जुन्या गोधड्यांनाही अस्तर बेताचेच असे. साधा मांजरपाट, आणि १९३० च्या दशकातील मंदीत तर पशुखाद्याच्या व पिठाच्या पोत्यांचे सुती कापड उसवून बायका तेच मागे लावीत. केंटकीतील पाड्यूका येथे गोधड्यांचे राष्ट्रीय संग्रहालय १९९१ साली उघडले. नेब्रास्कातील लिंकन येथेही मोठे संग्रहालय आहे. दालनात अर्थातच पुढची बाजू दिसते. अभ्यासक मात्र गोधडीचे वय ठरविताना तिची पाठही पाहतात.

अस्तर देताना घडी सैल घातली, सुटे धागे कापले, कारण फिक्या पदराखालून गडद धागा दिसतो, आणि वरच्या काठाला चिठ्ठी टाचली. मशीनवालीने ते टेबलावर पसरून पट्टी लावली, दोन कोपरे पाहिले आणि नोंदवहीत अस्तर सरळ करण्याच्या जादा आकाराची जी ओळ असते तीवर काट मारली. चौरस इंचाला दोन सेंट या दराने ६४८० इंचांचे १२९ डॉलर ६० सेंट झाले.

तीन आठवड्यांनी गोधडी आली. तिने ती कॅमेऱ्यासमोर धरली आणि नमुन्यांचे क्रमांक ओळखू येतात का, असे विचारू लागली. अण्णा म्हणाले, “ते नंतर. आधी उलटी बाजू दाखव, आणि जरा जवळ धर.” तिने पाठ फिरवून जोडावरून कॅमेरा हळूहळू नेला. त्यांनी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा एकदा न्यावयास सांगितला, वाराचा भाव विचारला, तो ऐकून बराच वेळ हसले, आणि मग बोलणे नातवाच्या प्रवेशपरीक्षेकडे वळले.