काका-पुतण्यांचा वाडा

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे लोखंड आणि हार्डवेअरचे आपले अनेक व्यापारीही त्याच दिवशी सहकुटुंब बाहेर पडतात. पिंपरीहून मेट्रोने कसबा पेठेत उतरावे, थोडे चालावे, की शनिवारवाडा समोर उभा राहतो.

थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये त्याचा पाया घातला. १८२८ च्या आगीत आतील महाल जळाले. आज तट, दरवाजे, जोती आणि कारंजे एवढेच शिल्लक आहे. पौर्णिमेच्या रात्री येथे ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, अशी वदंता आहे. खरे तर भुतालाही वस्तीसाठी छप्पर उरलेले नाही!

त्या हाकेमागील घटना मात्र खरी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव गारद्यांच्या तलवारी चुकवीत काका रघुनाथरावांकडे धावले आणि तेथेच मारले गेले. आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही आख्यायिका. काका त्याच वाड्यात पुतण्याच्या नजरकैदेत होते, हा मात्र इतिहास. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष रघुनाथरावांच्या माथी ठेवला.

आम्ही गेलो तेव्हा माझे वडील आणि माझा चुलतभाऊ यांच्यात चार महिने अबोला होता. कारण चाकणच्या गाळ्याची वाटणी. सहल एक, पण डबे दोन आणि हिरवळीवरच्या चटयाही दोन. नारायणरावांचा देह ज्यातून बाहेर नेला असे सांगतात, त्या नारायण दरवाजाशी वाटाड्या कथा सांगत होता. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने मध्येच विचारले,

“मग त्या काकांना राज्य मिळालं का?”

“मिळालं, पण वर्षभरही टिकलं नाही,” वाटाड्या म्हणाला. “नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. १७७४ च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर मुलगा झाला. कारभाऱ्यांनी त्या तान्ह्या सवाई माधवरावांनाच पेशवे केलं. काका मग इंग्रजांच्या आश्रयाला गेले.”

वडील बराच वेळ एका जोत्यावर बसून राहिले. मग त्यांनी पुतण्याकडे पाणी मागितले. त्याने बाटलीचे झाकण काढून ती पुढे केली. परतीच्या मेट्रोत दोघे शेजारी बसले. गाळ्याची वाटणी अद्याप व्हायची आहे.